माथ्यावरचा दगड

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात असाहेल कोल्बीची टप्प्याची गाडी, उतारू नेणारी घोडागाडी, दिसली की बायका चुलीवर बटाटे चढवत. इतकी ती वेळेवर. चार घोड्यांचे लगाम एका हातात धरून तो वळण घेई, आणि कोणी बघत असलं तर जरा जास्तच ऐटीत.

मोठ्या चढावर घोडी दमत, म्हणून पुरुषमंडळी उतरून चालत. माथ्यावरच्या दगडापाशी गाडीवानानं थांबायचं, मागचे आले की निघायचं. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, पण मोडलेलंही कोणी पाहिलं नव्हतं.

नोव्हेंबरातली ती दुपार बोचऱ्या पावसाची होती. माथ्यावर सगळे गाडीत चढले. मागे राहिले फक्त पाइक आजोबा, गुडघ्यांनी अधू झालेले मोची. तेवढ्यात खालच्या वळणावर दुसऱ्या कंपनीची लाल गाडी दिसली. तिचा गाडीवान रूफस आदल्याच दिवशी सगळ्यांदेखत म्हणाला होता, "कोल्बी, घोडी म्हातारी झालीत की तू?"

म्हातारा येईल लाल गाडीतून, असं मनाशी म्हणत कोल्बीनं चाबूक वाजवला.

"अहो, आजोबा राहिले ना!" आतून एक बाई ओरडली.

"मागच्या गाडीनं येतायत."

उताराखालच्या खाणावळीशी तो पहिला पोचला. सफरचंदाच्या गरम सायडरचा पेला अर्धा झाला, तेव्हा लाल गाडी आली. तिच्यातून सगळे उतरले. आजोबा नव्हते.

"म्हातारा कुठाय?"

"मी म्हटलं, बसा, फुकट नेतो. तर मलाच झिडकारलं!" रूफस हसत म्हणाला. "म्हणे, 'माझी गाडी वर उभी आहे. कोल्बी थांबतो.'" मग त्याचं हसू मावळलं. "दगडापाशी तू दिसला नाहीस, मला वाटलं पावसामुळं जरा पुढं थांबला असशील. तू थांबला नाहीस?"

कोल्बीनं पुढचा घोडा सोडला आणि खोगिराशिवायच उलट दौडवला.

आजोबा दगडापाशीच उभे होते, गाडी थांबते नेमक्या त्या जागी. ओठ निळे पडलेले.

"घोडी उधळली वाटतं रे?"

"हो," कोल्बी म्हणाला.

खाणावळीत शेकोटीशी बसून आजोबांनी ज्याला त्याला तेच सांगितलं: घोडी उधळली, तरी पोरगा माझ्यासाठी परत आला. लोकांनी कोल्बीची पाठ थोपटली. रूफस समोरच होता. आता तो टोमणा मारेल म्हणून कोल्बी वाट बघत राहिला. रूफसनं पेला संपवला, टोपी घातली आणि आपले घोडे बघायला गेला.