फ्लोरेन्सताईंची चाळणी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका फुकट देण्याला घाबरणारा माणूस अख्ख्या नाहूरमध्ये नसेल. आईचा मिक्सर बंद पडला तेव्हा त्यांनी त्याला हातही लावला नाही. स्क्रूड्रायव्हर तिच्याच हातात दिला. "वहिनी, तुम्हीच उघडा. मी बघतो." आई घामाघूम होऊन खाली आली. आता आमच्या विंगमधले सगळे मिक्सर तीच उघडते, तेही मालकिणीलाच कामाला लावून, आणि बायका तिलाही घाबरतात.

काकांचा मुलुंडला गाळा होता. तिथे ते उन्हावर चालणारी नाचणीची छोटी चक्की बनवायचे आणि युगांडात फ्लोरेन्सताई नावाच्या बाई ती विकायच्या, दुरुस्त करायच्या. विकण्याआधी त्या गिऱ्हाइकाकडून चक्की खोलून पुन्हा जोडून घेत. हा छळ काकांनीच शिकवलेला. चक्कीतली बारीक चाळणी मात्र ताईंनी सुचवलेली होती, आणि हे काका वॉचमनलाही सांगत. माझं काम इंग्रजी मेल लिहिण्याचं. त्यात कुणाशी बोलावं लागत नसे, म्हणून मला ते आवडायचं.

गाळ्यातलं काम आटत चाललं असताना एका परदेशी संस्थेची मोठी ऑर्डर आली. ताईंच्याच भागात चक्क्या फुकट वाटायच्या होत्या. गाळा वाचला म्हणून काकूंनी शिरा केला. काकांनी संस्थेला आधीच सुचवलं होतं, चक्क्या ताईंकडूनच विकू द्या, हवं तर त्यांच्या दुकानाला मदत करा. शिरा खात असतानाच संस्थेचा फार गोड शब्दांतला नकार आला.

"लिही, चक्क्या मिळणार नाहीत," शिरा संपवून काका म्हणाले.

"काका, इतकं सरळ?"

"मग वाकडं लिही. इंग्लिश मीडियमला कशाला गेलीस?"

"ह्यांना युगांडाची काळजी!" काकू कडाडल्या. "इथे आपली वाट लागली, ती कोण बघणार?"

"अगं, फुकट मिळाल्यावर तिच्या दुकानात कोण जाईल? आणि दुकान बंद झालं की बिघडलेली चक्की कोण उघडणार? शेजारणीचा डबा तू कधी रिकामा परत देतेस का?"

"चमचाभर साखर तरी घालते. त्याचं काय?"

"ह्या लोकांना वाटतं, समोरच्याच्या घरात तेवढीही नाही."

काकू ताटली उचलून आत गेल्या. मी मेल लिहिला.

गाळा गेला. साचे ताईंनी विकत घेतले. चक्क्या आता तिकडेच बनतात. परवा पहिली चक्की चालू करून दाखवायला त्यांनी व्हिडिओ कॉल केला. काकांनी स्क्रीनकडे नीट पाहिलंही नाही. फोन कानाला लावून, डोळे मिटून चक्कीची घरघर ऐकू लागले. ताई "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. मला वाटलं, आता काका चक्कीत काहीतरी खोड काढतील. काकांनी फक्त फोनचा आवाज थोडा वाढवला.