कोटवाल्या ताईंचा कान

कोटवाल्या ताईंना गाण्यातलं काय कळतं, असं विचारणाऱ्याने आधी त्यांचं कपाट उघडून आतले चार कोट पाहावेत. एकाला दोन्ही बाह्या डाव्या आहेत. एकाचा खिसा वरून शिवून बंद. तिसऱ्याचं अस्तर बाहेर आणि कापड आत. चौथ्याला दोन्ही बाजूंनी काजंच काजं, बटण लावायला जागाच नाही. सव्वीस वर्षांत ताईंच्या हातून बिघडलेले कोट एवढेच, आणि चारही एखादा नवा अल्बम ऐकता ऐकता बिघडलेले. दुसरी कोणी असती तर लाजेने उसवून टाकले असते. ताई मात्र आल्यागेल्याला ते दाखवतात, जशी आई मुलांची बक्षिसं दाखवते.

दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्या नाक्यावरच्या गाण्यांच्या दुकानात जात. डोळ्यांसमोरच्या फळीवर जे असे ते सगळ्या गावाला पाठ होतंच, तिकडे त्या ढुंकून पाहत नसत. सरळ खाली फतकल मारायची आणि तळातली फळी उपसायची. तिथे असत ते पाठीशी ना कंपनी ना जाहिरात असलेल्यांचे अल्बम. आजीची गाणी आहेत तशी म्हणणारी एखादी नर्स, नाहीतर तेलाचे डबे बडवत गाणारे बस डेपोतले तिघे मेकॅनिक. वेष्टनं हाताने छापलेली, शाई बोटांना लागणारी. त्यातले दोन-तीन उचलून ताई परत येत आणि प्रत्येक अल्बम तीनदा ऐकत. एकदा कापड बेतताना, एकदा शिवताना, एकदा काजं करताना. काजं करताना कंटाळा आला, तर अल्बम गुरुवारी माघारी. आवडला, तर दुकानदार त्याच्या वीस प्रती मागवून वरच्या फळीवर लावी. "ताईंनी सांगितलंय," एवढं म्हटलं की गिऱ्हाईक दुसरा प्रश्न विचारत नसे. हे सुरू झाल्यापासून अकरा वर्षांत एकही जण तक्रार घेऊन आला नव्हता. शिवणाचं कौतुक ताई हसण्यावारी नेत, कानाचं मात्र मान ताठ करून ऐकून घेत.

आणि एके सकाळी त्यांच्या धाकट्या भावाने बेतायच्या टेबलावर एक सीडी आणून ठेवली. आई गेल्यावर ताईंनीच त्याला वाढवलं होतं. आता तो दारातून वाकून यायचा एवढा उंच झाला होता, पण नाव बारक्याच राहिलं. दिवसा नळ जोडायचा, संध्याकाळी मित्रांबरोबर गायचा.

"आमचा अल्बम आहे, ताई. दुकानात ठेवायचा की नाही, ते तू सांग."

नाही आवडला तर? खोटं बोलावं तर अकरा वर्षांचा शब्द जातो, खरं बोलावं तर भाऊ दुखावतो. त्यांनी अल्बम नेहमीसारखा तीनदा ऐकला. कोट असा झाला की दृष्ट लागावी. एक टीप वाकडी नाही, एक काज मागेपुढे नाही, म्हणजे हात चुकावा असं गाण्यात काही नव्हतं. इतक्या सुबक कोटाचा त्यांना आयुष्यात कधी एवढा राग आला नव्हता.

"ढोल फार आहे रे," संध्याकाळी त्या म्हणाल्या. "त्यात तू कुठे आहेस तेच ऐकू येत नाही."

"म्हणजे नाही?"

"सहाव्या गाण्यात शेवटी सगळे थांबतात आणि तू एकटा गातोस ना, तिथे मशीनवरचा माझा पाय थांबला. बाकी नाही."

बारक्या ताटावरून उठला. पुढचे तीन महिने तो येई, पण हो-नाहीपलीकडे बोलत नसे. ताई मशीनवर वाकून गुपचूप रडल्या. शब्द मात्र मागे घेतला नाही.

मग तो दुसरी सीडी घेऊन आला. ढोल गेला होता. नुसता त्याचा गळा आणि मित्राची गिटार. आई कपडे पिळताना गुणगुणायची ती गाणी, आणि विसरलेल्या ओळींच्या जागी त्याने स्वतः जोडलेल्या ओळी. पहिल्याच ओळीला ताईंचे डोळे भरले आणि त्यांनी गाणं बंद केलं. आईची गाणी कोणीही म्हटली असती तरी त्या रडल्याच असत्या. हे रडणं धरायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. इथे आपला कान कामाचा नाही.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला इस्त्रीवाले काका होते. त्यांच्या लेखी जगातली सगळी गाणी म्हणजे कटकट.

"काका, हे लावून ठेवते. मी दोरा घेऊन येते."

"लावा. इतकी वर्षं सोसतोय, त्यात आणखी एक."

दोरा शेजारीच मिळत होता, तरी ताई दोन गल्ल्या फिरल्या. परत आल्या तर जिन्यातच करपल्याचा वास. काका स्पीकरकडे बघत पुतळ्यासारखे उभे, इस्त्री एका वकिलांच्या सुटाच्या पँटवर आणि खालून धूर.

"काका, इस्त्री," ताई हळूच म्हणाल्या.

काकांनी दचकून इस्त्री उचलली. पँटच्या मांडीवर तिचा अख्खा ठसा उमटला होता.

"अहो, तो शेवटी आईला हाक मारतो आणि पुढे गातच नाही," काका म्हणाले. "पुढे काय म्हणतो म्हणून थांबलो होतो."

ताई तशाच, गळ्यात टेप लटकत असताना, दुकानात गेल्या. "वीस नको, चाळीस मागवा," त्यांनी सांगितलं. दुकानदाराने वेष्टन उलटसुलट करून विचारलं, "कोणाचा आहे?" ताई म्हणाल्या, "दारावर पाटी लावा हवी तर, माझ्या भावाचा आहे."

संध्याकाळी वकील सूट न्यायला आले. नवी पँट शिवून टेबलावर तयार होती, पण ताईंनी आधी जळकी उचलली आणि त्यांच्यासमोर नीट पसरली.

"ही माझ्या भावानं जाळली," त्या म्हणाल्या. "गाऊन."

वकिलांनी ठशाकडे पाहिलं, मग ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रागवायच्या बेतात असलेला माणूस रागवायचं विसरला.

"अभिनंदन," ते म्हणाले.