माजिदाची मोहिनी

पंचवटीत मोहिनी हा शब्द सहज तोंडी येई. कीर्तनकाराच्या गळ्यात मोहिनी असे, नव्या लुगड्याच्या रंगात असे, आणि माजिदा मणियारणीच्या बोलण्यात तर होतीच. हात हातात घेऊन ती तो दाबत, मळत बोलत राही, आणि घट्ट बांगडी केव्हा मनगटावर उतरली ते बाईला कळतही नसे. भागीबाई म्हणायची, "तुझ्या जिभेवर मोहिनी आहे गं." माजिदाला ते आवडायचं.

भागीबाईच्या सुनेला, नवसाला, मात्र वरचेवर बांगड्या भराव्या लागत. पोरीच्या हाताला धीर नाही, सारख्या वाढवते, असं भागीबाई सांगे. माजिदानेही ते मानलं होतं. मग तिला मनगटाच्या वर पिवळे पडलेले वळ दिसले, आणि त्यांच्यावर ताजे निळे. नवसाचा नवरा रंगनाथ ओसरीवरच बसलेला असे. त्याचा आवाज कधी चढत नसे.

नवसा कुणाशी बोलायची नाही. माजिदाशी बोलू लागली. बाप तिला दोनदा परत आणून सोडून गेला होता. देवळ्याला दूरची एक आत्या होती, तिचं नाव या घरात कधी निघालं नव्हतं. एकदा सासू पाणी आणायला आत गेली तेव्हा नवसाने विचारलं, तिकडची मोटार कुठून सुटते. बांगडी सरकवता सरकवता माजिदाने सांगितलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नवसा घरात नव्हती.

त्या सकाळी माजिदाला एकाही दारातून हाक आली नाही. बायका लेकीसुनांना आत ओढून घेत होत्या. "हिनेच मोहिनी घातली," भागीबाई भर गल्लीत म्हणाली. शब्द तोच होता, पण तो ऐकून माजिदाने टोपली उचलली आणि घर गाठलं.

दुपारी रंगनाथ दोघा-तिघांना घेऊन तिच्या दारात आला. तिचा नवरा शफी कडी लावायला उठला, तिने त्याला थांबवलं. नदीचा काठ, विहिरी पाहून झाल्या, आता मोटारीच्या अड्ड्यावर जाऊन विचारतो, असं रंगनाथ हळू आवाजात म्हणाला. "का तू सांगतेस?"

ठाऊक नाही म्हटलं असतं, तर तो तसाच अड्ड्यावर गेला असता.

"घातली मी मोहिनी," माजिदा म्हणाली. "त्र्यंबकच्या वाटेला लावली तिला. पायी गेली."

बाहेर कुणीतरी थुंकलं. रंगनाथने तिची टोपली पालथी केली आणि बांगड्या तुडवत माणसं त्र्यंबकच्या रस्त्याला लागली.

त्यानंतर पंचवटीत राहणं शक्य नव्हतं. शफीने नाशिक रोडला खोली पाहिली. माजिदा स्टेशनाबाहेर बांगड्या भरू लागली. बाईचा हात हातात आला की ओठ मिटून घेई. नवसा पोचली की नाही, ते तिला कळलं नाही. देवळ्याकडची कुणी बाई समोर बसली की विचारावंसं वाटे, पण विचारलेलं कुठवर जाईल याचा भरवसा नव्हता.

कारण रंगनाथ अधूनमधून येई. रस्त्यापलीकडे उभा राहून तिच्याशी कोण कोण बोलतं ते पाही, आणि गाडी आली की गर्दीत मिसळून जाई.