माशांचा जानवसा

माशांना भरवून झालं की मावशी आपले दोन्ही रिकामे तळवे टाकीच्या काचेसमोर धरायची आणि म्हणायची, "संपलं. आता मागू नका." मासे अर्थातच ऐकायचे नाहीत. तोंडं उघडून काचेशी घुटमळत राहायचे. मग ती माझ्याकडे वळून तक्रार करायची, "हावरट मेले. तुझ्या डाक्तरवर गेलेत."

दादरला मुलांच्या एका डॉक्टरांकडे मी पेशंटचे नंबर लावायच्या नोकरीला होते. सुईच्या भीतीनं रडणारी पोरं गप्प बसावीत म्हणून डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी ठेवली होती. कल्पना झकास, पण मासे टिकेनात. पोरं बरी होऊन घरी जायची आणि मासे मरायचे. एक आई मला म्हणाली, "अहो, निदान मेलेला मासा तरी आमच्या नंबरआधी काढा." मी उठून जाळी शोधू लागले.

मावशी, म्हणजे सगळ्यांचीच मावशी, तेव्हा डॉक्टरांच्या घरी मासळी द्यायची. कोळ्याची मुलगी, गिरणी कामगाराला दिलेली, राहायला काळाचौकीला. लग्नानंतर तिनं मासळीची पाटी सोडली होती. गिरण्यांचा संप लांबला, नवरा घरी बसला, तेव्हा तीच पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. टाकी पाहून तिनं नाक मुरडलं. "किनाऱ्याचं पाणी आणता काय? ते गटार हाय." मग तिच्या भावाच्या होडीतून आतल्या दर्याचं पाणी कॅन भरभरून येऊ लागलं आणि टाकी मावशीच्या ताब्यात गेली. सकाळी मासे कापणारी बाई दुपारी माशांना भरवायची, पण यात तिला काही विशेष वाटत नसे. "ते गिऱ्हाइकाचे, हे घरचे," म्हणायची.

भरवावं तर तिनंच. कोळंबी सोलून, धुऊन, साबुदाण्याएवढी चिरायची. चिमटीनं थोडी थोडी सोडायची. एखादा तुकडा तळाला गेलाच तर लगेच जाळीनं वर काढायची, कारण तो कुजला की पाणी नासतं. मुलांच्या आया बिस्किटाचा चुरा टाकू बघत. मग मावशीचा आवाज चढे, "भुकेनं मासा मरत नाय, बाय. लाडानं मरतो." सोमवारी तर खाणंच बंद. कोळंबीवर जगणाऱ्या माशांना आमच्याकडे सोमवारचा उपास असे आणि तो त्यांना मानवला, हे मी शपथेवर सांगते.

नवे मासे वेगळे ठेवायचे ही शिस्त डॉक्टरांची. गोवराच्या पोराला ते सगळ्यांत बसू देत नसत, तसंच हे. नाव मात्र मावशीनं दिलं. माझ्या टेबलामागच्या लहान टाकीला ती जानवसा म्हणायची. वऱ्हाड काय थेट मांडवात घेतात? आधी जानवशात उतरवतात. तसा नवा मासा अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तिथं राही. नीट खातो का, अंग घासतो का, ठिपके उठतात का, हे सगळं पाहून मग मोठ्या टाकीत. त्या दिवशी ती जाहीर करायची, "आज हिनं माप ओलांडलं." आम्हीही तसंच बोलू लागलो. पुरळ उठलेलं पोर दिसलं की डॉक्टर आतून सांगत, "त्याला जानवशात बसवा." नव्या आयांचे चेहरे तेव्हा बघावेत.

एक लहान मुलगी मोठ्या दुखण्यातून उठली. तिच्या वडिलांनी आनंदानं एक पिवळाधमक मासा आणला. मुलीच्या हातानं तो मोठ्या टाकीत सोडायचा होता. डॉक्टरसुद्धा विरघळले. मावशी मात्र टाकीपुढे उभी राहिली. "नाय." मुलगी रडू लागली, तशी मावशी तिच्यापुढे उकिडवी बसली. "तू नवरीकडची ना गो? मग जानवशात तिला कोण बघणार? माप ओलांडायला तुलाच बोलवीन."

थोड्याच दिवसांत त्या माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके उठले. तो मोठ्या टाकीत असता तर आमची सगळी टाकी गेली असती. डॉक्टर आणि मावशीनं मिळून जानवशाच्या पाण्यात गोडं पाणी थेंबाथेंबानं वाढवलं आणि ते तसंच राखलं. "दर्याची खाडी केली," मावशी म्हणाली. आणखी एक अमावास्या गेली. मासा बरा झाला.

ठरल्याप्रमाणे मुलीला बोलावलं. मासा मोठ्या टाकीत सुटला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि पोरीनं फ्रॉकमागे लपवलेली वाटी काढून तांदूळ टाकीत ओतले. माप ओलांडायचं म्हणजे तांदूळ नकोत का? मावशीनं कपाळावर हात मारला आणि पदर खोचला. खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून तिनं दाणे वेचले, डॉक्टरांनी जाळी धरली, पेशंट ताटकळले. कोणीही कुरकुरलं नाही. "रीत ती रीत," मावशी म्हणाली. एकही मासा दगावला नाही. त्या टाकीपुढे मी खुर्ची टाकून बसत होते, याचा मला आजही अभिमान आहे.

एकदा मी तिला विचारलं, "मासा लाडानं मरतो, आणि माणूस?"

"वाट बघून," ती म्हणाली. तिच्या नवऱ्याची गिरणी उघडलीच नाही. रोज कपडे करून तो गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन येई. असाच एक दिवस तो वारला. मावशीनं पाटी आणि टाकी दोन्ही चालू ठेवल्या.

पुढे तिला खोकला लागला. एका दुपारी ती दवाखान्याच्या काचेच्या दाराबाहेरच थांबली. कोळंबीचा डबा फटीतून माझ्या हातात दिला.

"आत ये की गं," मी म्हटलं.

"आत पोरं हायत. हा खोकला बरा नाय, बाय. डाक्तरनं औषध दिलंय. मी आता जानवशात."

दार आतून लावून घ्यायला तिनंच मला लावलं. मी भरवू लागले, पण मासे माझ्याकडे बघेनात. सगळे दाराकडच्या कोपऱ्यात गोळा झाले. शेवटची चिमूट सोडली, तेव्हा तिनं बाहेरूनच दोन्ही रिकामे तळवे काचेसमोर धरले. ओठ हलले, शब्द ऐकू आले नाहीत. मग पदर तोंडावर धरून ती जिना उतरली.

तिचं माप ओलांडायचं राहूनच गेलं. पुढच्या खेपेला पाण्याचे कॅन घेऊन तिचा भाऊ एकटाच आला आणि ती गेल्याचं त्यानं सांगितलं. 

त्या दिवशी सोमवार नव्हता. तरी मी माशांना काही घातलं नाही. भुकेनं मासा मरत नाही, हे तिनंच शिकवलं होतं.