काचेआडचे हात

एलिहियो बॅरिएंटोस गेली एकतीस वर्षं सॅन अँटोनिओच्या पश्चिम भागात गाड्यांच्या काचांना काळी फिल्म लावतो. आमची सगळी गल्ली त्याला तीओ म्हणते, म्हणजे काका. साबणाच्या पाण्यात राहून त्याची बोटं कायमची सुरकुतली आहेत, उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. मागची काच लावायला तो सीटवर आडवा घुसतो, तेव्हा बाहेर फक्त त्याचे बूट दिसतात आणि आतून कण्हणं ऐकू येतं.

मागच्या महिन्यात मी माझ्या मुलीला, येसेनियाला, त्याच्याकडे घेऊन गेले. ती इस्पितळात रात्रपाळी करते. दोन रात्री एका पिकअपवाल्यानं सिग्नलला तिच्या शेजारी गाडी लावली, आत डोकावला, आणि पुढचे चार चौक मागे मागे आला. तिला काचा ठार काळ्या हव्या होत्या. मला त्या माणसाची धास्ती होतीच. पण रात्री गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला आतलं काही दिसलं नाही तर काय, ही धास्ती त्याहून मोठी होती.

फिल्मचा आकडा म्हणजे तिच्यातून शंभरातला किती उजेड आत जातो ते.

"पाचाची लाव, तीओ," येसेनिया म्हणाली.

"पाच? गाडी आहे का शवपेटी?"

"कोपऱ्यावरचा दुकानवाला लावतो की. विचारतसुद्धा नाही."

"मग जा त्याच्याकडे. दंडही तोच भरेल तुझा."

"दंड परवडला. तो माणूस नाही परवडत."

तो उलट्या बादलीवर टेकला.

"पुढच्या दारांना पंचवीस. कायदा त्याच्या खाली जाऊ देत नाही," तो म्हणाला. "माझ्या भावाला, रोहेलिओला, मी पंचविसाचीच लावली होती. नवा होतो. गाडीची काच स्वतःच थोडा उजेड खाते, हे ध्यानातच आलं नाही. दोन्ही मिळून भरले एकोणीस. एका रात्री पोलिसानं अडवलं. रोहेलिओ गाडीचे कागद काढायला वाकला. बाहेरून दिसलं एवढंच, की आत काहीतरी हललं."

"मग?"

"मग काय! पिस्तूल. अर्धा तास डांबरावर पालथा. सोडला नंतर. लागलं नाही, काही नाही." त्यानं गुडघा चोळला. "मला एका शब्दानं बोलला नाही. गाडी विकली आणि डॅलसला गेला. नाताळाला फोन येतो त्याचा."

येसेनियानं पुन्हा पाचाचं नाव काढलं नाही.

तीओनं पस्तिसाची फिल्म कापली, साबणाचं पाणी फवारलं, रबरी पट्टीनं पाणी बाहेर ओढत ओढत ती काचेवर बसवली. उजेड मोजायचा मीटर लावला. सत्तावीस. बसलं कायद्यात. मला वाटलं, झालं काम. पण तो गाडीत शिरला, काचा वर केल्या आणि दोन्ही हात चाकावर ठेवले.

"दिसतात?" आतून ओरडला.

"दिसतात," मी म्हटलं.

मग त्यानं येसेनियाला दुकानाचं शटर खाली ओढायला आणि दिवे घालवायला लावले.

"आता?"

मला काचेत माझाच चेहरा अंधुक दिसत होता. त्याचे हात दिसत नव्हते.

"सत्तावीस असो नाहीतर सत्तर," तो दमल्या आवाजात म्हणाला, "रात्र ती रात्रच. ये पोरी, बस इथे. पोलिसानं थांबवलं की आधी आतला दिवा. मग चारी काचा खाली. मग हात चाकावर. त्यानं मागितल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही."

त्यानं तिच्याकडून तीनदा करून घेतलं. दुसऱ्यांदा तिनं डोळे फिरवले, तर म्हणाला, "फिरव. हात मात्र तिथेच ठेव."

"आणि तो पिकअपवाला?"

"त्याला आता सावली दिसेल. बाई का बाप्या, कळायचं नाही. तरी मागे आलाच, तर घरी यायचं नाही. उजेड असेल त्या पेट्रोल पंपावर जायचं."

"बस, एवढंच?"

"माझ्याकडे एवढंच आहे, पोरी."

तेव्हापासून रोज पहाटे मी खिडकीशी उभी असते. गाडी दारात येते. आतला दिवा लागतो. चारी काचा खाली जातात. चाकावर दोन हात, आणि त्यांच्यामागे रात्रपाळी करून पेंगुळलेलं तोंड. मी ओसरीचा दिवा लावेपर्यंत ती हलत नाही. पहिल्या दिवशी वाटलं, माझी टिंगल करतेय. आता ते रोजचं झालंय.

"दिसले का गं, आई?"

"दिसले. ये आत. अंडी गार होतायत."