साधनाबाईचा शनिवारचा वर्ग

मुळशी धरणाच्या काठाला कातकऱ्यांची वाडी आहे, अठरा घरांची. तिथल्या समाजमंदिरात साधना दर शनिवारी मुलांना शिकवायची ते गणित नव्हे, इंग्रजी तर नव्हेच. त्यांचीच कातकरी बोली शिकवायची. हसू नका. स्वतःच्या आजीची भाषा वर्गात बसून शिकायची वेळ कुणावरही येऊ शकते.

वेळ आली कशी ते ऐका. साधना पहिलीत असताना वर्गात कातकरी बोलली. गुरुजींनी कान पिळला आणि पोरं फिदीफिदी हसली. घरी आई तुळजाबाईनं जवळ घेतलं नाही, उलट बजावलं, "भाईरच्यांम्होरं आपलं बोलायचं न्हाई. इचारलं तर सांगायचं, आमी मराठीच बोलतो." तुळजाबाईचं तरी काय चुकलं? वाडीवर पोलिसांची जीप यायची ती चौकशीलाच. आसपास कुणाची कोंबडी गेली तरी पहिलं बोट कातकऱ्याकडं, आणि बोली ऐकली की माणूस ओळखू यायचा. म्हणून जीप दिसली की अख्खी वाडी मराठी बोलायची. रिवाजच पडला तो.

साधना तर आईच्या वरताण निघाली. बारावी झाली, लग्न झालं, आणि पोटची पोर सृष्टी हिच्याशी ती घरातसुद्धा कातकरी बोलली नाही. पोरगी सात वर्षांची झाली तरी तिला आजीचं बोलणं कळेना. तुळजाबाई आपल्याच नातीशी परक्यासारखं मोडकंतोडकं मराठी बोलायची. हे मात्र साधनाच्या जिवाला लागलं.

म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं बोली टिकवायला वाड्यांवर वर्ग काढले, तेव्हा ती आपणहून पुढं झाली. दीड वर्ष राबली. तुळजाबाईला मध्ये बसवायची, आणि बिळातला खेकडा कसा काढायचा, मोहोळ कसं हेरायचं, सारं बोलीत वदवून घ्यायची. सृष्टी आता आजीशी भांडायला लागली होती, तेही कातकरीत. साधनाला त्या भांडणाचं कोण कौतुक!

पण संस्थेला दहातले चारच वर्ग पुढं चालवणं जमणार होतं. संस्थेचे दयानंद सर स्वतः येऊन मुलांचं बोलणं ऐकणार आणि मग ठरवणार. दीड वर्षात वर्गात बाहेरचं कुणी आलं नव्हतं. साधनाच पौडला जाऊन संस्थेला अहवाल देऊन यायची. वर्ग राहिलाच पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

शनिवारी अकराला जीप आली. पोरं तेल चोपडून रांगेत बसलेली. सरांबरोबरच्या माणसानं कॅमेरा लावला. सर म्हणाले, "मुलांनो, तुमच्या भाषेत सांगा बघू, काल काय जेवलात?"

वाल्मीक नावाचा पोरगा हाताची घडी घालून उभा राहिला. "सर, आम्ही काल डाळ आणि भात खाल्ला." त्याच्यामागं सगळ्यांनी एकजात डाळ-भातच खाल्ला, शुद्ध मराठीत. साधनानं आईला डोळ्यांनी खुणावलं. तुळजाबाई पदर सावरून उठली, म्हणाली, "नमस्कार सायेब. आमी लई बेस हाय," आणि बसली. झालं!

"साधनाताई, तुम्हीच सुरुवात करा," सर म्हणाले. "दोन वाक्यं बोला, म्हणजे मुलांची भीड चेपेल."

साधना उभी राहिली. शब्द ओठांवर होते. दारातून जीप दिसत होती. आणि आपल्याच तोंडून आलेलं वाक्य तिच्या कानावर पडलं, "सर, आमी मराठीच बोलतो."

सर भला माणूस. पुन्हा विचारून पाहिलं, चहा घेतला. "वाईट वाटून घेऊ नका ताई, पण जिथं मुलं बोलतात तिथलेच वर्ग ठेवावे लागतील." साधना बरं म्हणाली. कप गोळा केले. वाईट वाटलं का? छे. दातवाल्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल असतो ना, तशी ती आतून झाली होती. राग नाही, रडू नाही. सतरंजी झटकून तिनं तिची नीट घडी घातली.

जीप वळणाआड गेली आणि समाजमंदिरात कातकरीचा एकच गलका उसळला. मेल्या, तुझ्या घरात डाळ होती कधी, म्हणून पोरं वाल्मीकच्या मागं लागली. तुळजाबाई हसून हसून खोकायला लागली. दीड वर्षात त्या वर्गात एवढी बोली कधी बोलली गेली नव्हती. साधना ऐकत उभी राहिली. तिला काहीच वाटत नव्हतं.

सृष्टी धावत आली, आईच्या कमरेला बिलगली आणि चक्क कातकरीत म्हणाली, आई, बघितलंस ना? आजीनं सांगितलं होतं तस्संच केलं आम्ही. जीप जाईपर्यंत एकाच्याही तोंडातून आपला एक शब्द निसटू दिला नाही.