तात्पुरता कप्पा

आमच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याला स्वतंत्र चमचा आहे. साखरेचा चमचा मिठात गेला, की घरात दिवसभर अबोला. वहिनी प्रोग्रॅमर आहेत आणि कामही त्या याच शिस्तीने करतात. कॉम्प्युटरवर प्रत्येक प्रोग्रॅमला आपला बंद कप्पा, आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोडचे संच, ठरावीक आवृत्तीच्या, त्याच कप्प्यात. एकासाठी काही नवं आणलं तरी शेजारच्याला झळ लागत नाही. "भावोजी, एकत्र कुटुंब माणसांनी करावं, प्रोग्रॅमनी नाही," असं मला ऐकवतात.

आईची नजर गेल्यावर त्यांनी छापील पुस्तक वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. आई त्यावर रहस्यकथा ऐकते. मी वाचलेलं तिला चालत नाही. मी वर्णनं गाळतो, हे तिने पहिल्याच दिवशी पकडलं.

परवा कॉम्प्युटर भरला म्हणून मी साफसफाईला बसलो आणि 'तात्पुरता' नावाचा कप्पा पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी चौदावं प्रकरण, खुनी दारात उभा, आणि यंत्राची दातखीळ बसलेली! आईचा प्रोग्रॅम त्याच कप्प्यावर चालत होता. गेली तीन वर्षं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वहिनींचा चेहरा माझ्याहून उतरला. साऱ्या ऑफिसला शिस्त शिकवणाऱ्या बाईंनी कुठल्या लायब्ररीची कितवी आवृत्ती, याची यादीच लिहून ठेवली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान! नव्या लायब्रऱ्या आणाव्यात, तर एकीचं दुसरीशी पटेना. दोन दिवस हेच. "राहू दे गं, मला कुठे घाई आहे," आई म्हणायची आणि खुर्चीत नुसती बसून राहायची. ते मला बघवेना.

तिसऱ्या दिवशी वहिनी आवृत्त्यांचे आकडे पुटपुटत टाईप करत होत्या.

"तीन नाही, दोन," आई एकदम म्हणाली. "दोन, चौदा, एक. आणि दुसरीचं शून्य, नऊ, सहा. पहिल्यांदा बसवलंस तेव्हाही अशीच बडबडत होतीस."

आई तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. कानावर पडलेला आकडा ती विसरत नाही, हे आम्हीच विसरलो होतो.

वहिनींनी तेच आकडे घातले आणि खुनी दारातून आत आला. आईने हातानेच आम्हाला गप्प केलं.

वहिनींनी आधी यादी लिहिली, मग कप्प्याचं नाव बदललं. आता तिथे 'सासूबाई' असं लिहिलंय.

"घ्या," त्या मला म्हणाल्या, "आता पुसून दाखवा."